पंचमीच्या दिवशीची माती

सोजरबाईचं रान लाल झालं ते दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, आणि तेही सुनेच्या मोबाईलमध्ये. समोर प्रत्यक्षात कोथिंबिरीचे वाफे काढणीला आले होते, मेथी चार पानांवर होती. पालकाच्या कडेची पानं थोडी पिवळी पडली होती, पण ती अलीकडं दर साली पडायची. अपेक्षानं मोबाईल सासूपुढं धरला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. वाघोलीच्या शिवारातली जेवढी रानं अजून इमारतींच्या तावडीतून सुटली होती, ती सगळी त्यात मांडली होती. बहुतेक हिरवी, काही पिवळी. ओढ्याकाठचा एकच तुकडा लालभडक होता आणि त्याच्यावर त्यांच्या साठ गुंठ्यांचा गट नंबर होता.

तो जमिनीचा कस दाखवणारा नकाशा होता. पावसाळ्यात कुठल्याशा कंपनीची पोरं रानोरान फिरून मातीचे नमुने घेऊन गेली होती. नमुना जिथला, तिथला ठिपका त्यांच्या मोबाईलनं नकाशावर टोचला, प्रयोगशाळेतले आकडे त्या ठिपक्याला जोडले आणि कॉम्प्युटरनं त्यावरून रान रंगवलं. हिरवं म्हणजे कसदार. ते शेतीलाच राहणार. लाल म्हणजे शेतीला निकामी. शहराचं मैलापाणी शुद्ध करायला जी जागा लागणार होती, ती लाल रानांतूनच निवडायची असं ठरलं होतं. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते, त्यातले सहा संपले होते.

"आपलं लाल?" सोजरबाई म्हणाली. "आंधळ्यानं रंगवलंय का काय?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सासऱ्याच्या वेळेपासून ह्या रानाचा लौकिक होता. गावातल्या बायका तुळशीला माती न्यायला तिच्याच बांधावर यायच्या. आता गाव महापालिकेत गेलं, बायका चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्या, तरी कुंड्यांना माती मागायला कुणी ना कुणी येतंच. नवरा हिंदुराव जाऊन आठ वर्षं झाली. त्याच्या मागं तिनं ह्या रानाच्या जिवावर पोराचं लग्न केलं, आणि लोकांनी आपापली रानं बिल्डरांना दिली तेव्हा हिनं दारात आलेल्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. रानाला कुणी नाव ठेवलं तर तिच्या अंगावर वळ उठायचा.

पोरगा रविराज मार्केट यार्डातून आला. त्यानं नकाशा बघितला आणि अंगातला घामेजलेला शर्टही न काढता ओट्यावर बसला. तो नागपंचमीच्या दिवशी भाजीचा टेम्पो घेऊन यार्डात गेला होता, अपेक्षा माहेरी शिरूरला होती. घरी एकटी सोजरबाई होती. म्हणून त्यानं तिलाच विचारलं, त्या दिवशी माती न्यायला कुणी आलं होतं का. कंपनीच्या कागदावर पंचमीची तारीख होती आणि दीक्षा नावाच्या कुण्या मुलीची सही होती.

सोजरबाई म्हणाली, "म्या न्हाय बघितलं कुणाला."

खरं तर सगळं तिला लख्ख आठवत होतं.

पंचमी सोजरबाई कडक पाळायची. त्या दिवशी रान खणायचं नाही, औत धरायचं नाही, विळीवर काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. जमिनीखालच्या जिवाला इजा नको. भर दुपारी ती मुलगी आली. स्कुटी बांधावर लावली, पाठीवर पिशवी, हातात खुरपं. चोवीस-पंचवीसचं वय, डोळे उन्हानं लाल झालेले. आठ ठिकाणी वीतभर खणून थोडी माती घ्यायची आहे, असं म्हणाली. सोजरबाईनं सरळ आडवा हात केला. आज माझ्या रानात खुरपं लागायचं नाही, उद्या ये. मुलगी म्हणाली, उद्या दुसरं गाव आहे, आज चौदा रानं पुरी केली नाहीत तर दिवस भरत नाही. बराच वेळ ती बांधावर नुसती उभी राहिली. मग सोजरबाईलाच तिची दया आली. टेम्पोला वाट करायला रविराजनं एका टॉवरच्या तळघरातून निघालेला मुरूम दोन गाड्या आणून टाकला होता. त्या ढिगाकडं बोट करून ती म्हणाली, ही घे की, ही खणलेलीच हाय. मुलीनं विचारलं, ही तुमच्याच रानातली ना? सोजरबाई म्हणाली, रानातच पडलीय नव्हं.

आणि मुलीनं पुढं विचारू नये म्हणून असेल, किंवा सणाचा दिवस म्हणून असेल, सोजरबाईनं स्वतःच्या हातानं ओंजळभर मुरूम पिशवीत घातला. मुलीनं फोटो काढला. मग सोजरबाईनं ओट्यावर बसवून तिला आडनाव विचारलं. मुलीनं ते मान वर करून सांगितलं. सोजरबाईच्या मनात जे यायचं ते क्षणभर आलं, पण सणाला दारात आलेली लेक ती, ताट सगळ्यांसारखंच वाढलं. उकडलेले पुरणाचे दिंड, त्यावर तूप. मुलगी तीन दिंड खाऊन, पाणी पिऊन गेली. असले कागदवाले येतात आणि जातात, त्यातून कधी काही निघत नाही, हा सोजरबाईचा आजवरचा अनुभव होता. ह्या वेळी तेवढं निघालं.

रविराज दुसऱ्याच दिवशी शनिवार पेठेत गेला. तिथल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हरकतींचं कार्यालय होतं. खाली जिन्यापाशी अर्ज लिहून देणारा बसायचा. त्यानं रविराजचं ऐकून घेतलं आणि उपाय सांगितला. नुसतं नकाशा चुकला म्हटलं तर कुणी विचारत नाही. पण मुलगी रानात आलीच नाही, घरी बसून आकडे भरले असं लिहिलं तर तो नमुना बाद होतो, नवा काढावाच लागतो. आणि एक लक्षात ठेवा, म्हणाला, तुमच्या घरच्यांनी स्वतः माती दिली असं निघालं तर मात्र संपलं. स्वतः दिलेल्या मातीवर हरकत घेता येत नाही. रविराज म्हणाला, आमच्या घरचं कोण देतंय. अर्जावर आईची सही हवी होती, जमीन तिच्या नावावर होती. तिनं ती केली.

सुनावणी पुढच्या आठवड्यात शुक्रवारी होती. त्याच्या आधीच्या बुधवारी सोजरबाई एकटीच वाफ्यात बसून कोथिंबीर उपटत होती. चार पेंढ्या झाल्या असतील, तेवढ्यात बांधावर स्कुटी थांबल्याचा आवाज आला. मान वर न करताही तिला कळलं कोण आहे ते.

दीक्षा चपला बांधावर काढून वाफ्यापर्यंत आली. पंचमीला होती त्याहून वाळली होती. ती भांडायला आली नव्हती, त्यामुळं सोजरबाईला जास्तच अवघड झालं. तिनं फक्त मोबाईल काढला आणि फोटो दाखवला. मुरमाचा ढीग, पिशवीचं उघडं तोंड आणि त्यात माती सोडणारा एक हात. मनगटावर हिरवं गोंदण, अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण.

"हा हात तुमचा आहे, मावशी."

सोजरबाईनं हात पदराखाली घेतला.

दीक्षानं सांगितलं ते असं. ढिगातली माती घेतली ही तिचीच चूक होती, ती काही नाकबूल करत नव्हती. त्याबद्दल कंपनी बोल लावेल, पगार कापेल. पण आलीच नाही, घरी बसून खोटे आकडे भरले, असं ठरलं तर तिला काढणार होते, आणि अशा मुलीला ह्या कामात पुन्हा कुठलीच कंपनी उभी करत नाही. फोटो दाखवला असता, पण त्यात फक्त एक हात आणि ढीग दिसत होता. कंपनीचे लोक म्हणत होते, असा फोटो कुठल्याही ढिगावर काढता येतो, आणि नकाशावरचा ठिपका घरी बसूनही टोचता येतो.

"जमिनीचं तुमचं तुम्ही बघा. मी आले होते एवढंच सांगा. ऑगस्टच्या उन्हात मी चौदा रानं पायी फिरले त्या दिवशी. घरी बसले होते असं कुणी लिहिलं ना, की मला झोप येत नाही."

सोजरबाईच्या जिभेवर शब्द आला होता. तेवढ्यात रविराज औषधाचा पंप पाठीला लावून पलीकडच्या बांधावरून येताना दिसला. ती घाईघाईनं पुटपुटली, जा बाळा तू, बघू आपण. दीक्षानं चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच स्कुटीपर्यंत गेली. रविराजनं विचारलं, कोण होती. सोजरबाई म्हणाली, कुंडीला माती मागत होती.

आयुष्यात ती इतकं खोटं इतक्या थोड्या दिवसांत कधी बोलली नव्हती. तिसऱ्या प्रहरी तिघं मिळून जुड्या बांधायला बसली. सोजरबाईच्या हातून तीनदा जुडी सुटली. शेवटी तिनं काड्या मांडीवरून खाली ठेवल्या आणि पोराला सगळं सांगून टाकलं. मुरूम, फोटो, दिंड, सगळं.

रविराज ऐकत होता तेव्हा त्याचे हात चालूच होते. ऐकून झाल्यावर थांबले. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"हे अर्ज करायच्या आधी सांगायचंस, आई," तो हळू म्हणाला. "आता न्हाय सांगायचं. कुणालाच न्हाय."

"तिची भाकरी जाईल रं."

"आन आपली? ती पोरगी शिकलेली हाय, आज न्हाय उद्या दुसरं काम मिळंल. मला दुसरं रान कोण देणाराय?"

तो म्हणत होता ते खरंच होतं. अपेक्षा खाली मान घालून जुड्या बांधत राहिली. टेम्पो भरून रविराज गेल्यावर ती एवढंच म्हणाली, की घरी जेवून गेलेल्या माणसाला आलीच नव्हती म्हणायचं म्हणजे आत्या, अवघडच आहे. सोजरबाई तिच्यावर खेकसली. तुला विचारलं का मी, म्हणाली. खरं तर तिच्याच मनातलं सून बोलली होती, म्हणून राग आला होता.

शुक्रवारी सकाळी रविराजनं तिला मोटारसायकलवर शनिवार पेठेत आणलं. सोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसली होती, ते नगर रस्त्याच्या धुळीनं पार मातकट झालं. तिसऱ्या मजल्यावर दोन तास बाकावर बसवून ठेवलं. समोरच्या बाकावर दीक्षा होती, शेजारी कंपनीचा एक माणूस. तो तिच्याकडं पाठ करून मोबाईलवर बोलत होता. दीक्षा आणि सोजरबाई ह्यांच्यात चार पावलांचं अंतर होतं आणि दोघी दोन तास जमिनीकडं बघत होत्या. रविराज आईच्या कानाशी दोनदा येऊन सांगून गेला, साहेबांनी विचारलं तर नुसतं न्हाय म्हण, दुसरं काही बोलायचं न्हाय.

साहेब पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज असा की कुणाबद्दल प्रेम नाही आणि वैरही नाही. त्यांनी अर्ज वाचला. रविराज बोलायला लागला तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"जमीन कुणाच्या नावावर? आपल्या का? नाही ना. मग आपण बसा." ते सोजरबाईकडं वळले. "बाई, ह्या मुलीला नीट बघा. ही आपल्या रानात आली होती का?"

सोजरबाईनं बघितलं. दीक्षाही आता तिच्याकडंच बघत होती. एक शब्द होता बोलायचा. रानातली कोथिंबीर, मेथी, ओढ्याकाठची दोन कवठाची झाडं, हिंदुरावाला जिथं अग्नी दिला तो कोपरा, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. तिनं तो शब्द म्हणायला तोंड उघडलं. पण ताटावरून उठताना ह्या पोरीनं स्वतःचं ताट धुऊन पालथं घातलं होतं, ते तिला आठवलं, आणि शब्द फुटेना.

"आली होती," सोजरबाई म्हणाली. "तिनं खणायला खुरपं काढलं होतं. पंचमी होती म्हणून म्या खणू दिलं न्हाय. ढिगातला मुरूम म्या माझ्या हातानं दिला. जेवून गेली ती माझ्याकडं. पोरानं लिवलं तवा त्याला ठावं नव्हतं."

रविराजनं डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे सणाला जमीन खणायची नाही म्हणून आपण दोघींनी मिळून आम्हाला मुरमाची परीक्षा घ्यायला लावलीत. आणि मुरूम नापास झाला म्हणून आज हरकत." त्यांनी अर्ज उलटा ठेवला. "ह्यात खोटं लिहिलंय ते मी वाचलं नाही असं समजतो. नियमानं हा अर्ज फेटाळायला हवा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग लिहिता लिहिताच म्हणाले, की यादी पुढच्या शुक्रवारी वर जाणार. प्रयोगशाळा आज पाचला बंद होते, उद्या-परवा सुटी, सोमवारपासून नवे नमुने घेणं बंद. पाचच्या आत ह्याच मुलीनं, ह्याच रानातला, खणून काढलेला नमुना पोचवला तर त्याचा आकडा यादीला लागेल. नाही पोचला तर आहे तोच रंग. कंपनीचा माणूस काही सांगायला गेला, तर साहेब म्हणाले, आपण मुलीवर काय कारवाई करायची ती सोमवारी करा, आज तिला काम आहे.

खाली आल्यावर रविराजनं मोटारसायकल काढली आणि आईला बस म्हणायला तो थांबलाच नाही. सोजरबाई फूटपाथवर उभी राहिली. पोरानं भर रस्त्यात असं टाकून जावं, हे तिला फार लागलं. दीक्षानं स्कुटी आणली. सोजरबाई लुगडं सावरून कशीबशी मागं बसली आणि तिच्या खांद्याला धरलं. येरवड्यापासून वाहनं तुंबलेली होती. खराडीच्या पुढं तर अर्धा तास चाक हललं नाही. डोक्यावर ऊन, दोन्ही बाजूंना ट्रक. दीक्षाच्या खांद्याचा ताण सोजरबाईच्या तळहाताला कळत होता. रानात पोचल्या तेव्हा तीन वाजायला आले होते.

रविराज आधीच येऊन वाफ्याच्या तोंडाशी उभा होता. राग गिळून कामाला उभा राहिला होता. अपेक्षानं कुदळ, घमेलं आणि धुतलेलं पोतं आणून ठेवलं. चारच्या आत निघायला हवं होतं.

"ताई, खताच्या ढिगाजवळची घ्या," रविराज म्हणाला.

गोठ्यात दोन म्हशी होत्या. त्यांचं शेणखत तो पोत्यांत भरून सोसायट्यांच्या बागांना द्यायचा, म्हणून ढीग नेहमी बांधाच्या कडेला असायचा. ढिगाखालची माती काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली होती. "रानच हाय ते पण. खणूनच घेताय. कोण बघतंय?"

दीक्षा खुरपं हातात धरून उभी राहिली. खताच्या ढिगाजवळ, झाडाखाली, बांधावर नमुना घ्यायचा नाही हा तिच्या कामाचा पहिला नियम होता, आणि तो मोडल्याचं प्रायश्चित्त ती आजच घेऊन आली होती. तरी तिनं रविराजला नाही म्हटलं नाही. ती सोजरबाईकडं वळली.

"मावशी, तुम्ही म्हणाल तिथली घेते," ती म्हणाली. तिनं हे मनापासून म्हटलं.

सोजरबाईनं पदर कमरेला खोचला. तिला पोराचा रागच आला. सगळ्या गावानं ज्या रानाची माती तुळशीला नेली, त्या रानाला चोरून पास करायचं?

"माझ्या रानाला कुणाची लाज हाय?" ती म्हणाली. "मधली घे. जिथली घ्यायची तिथली घे, पार मधली."

मग कुणी वेळ घालवला नाही. रानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी चालत दीक्षा जागा दाखवायची, सोजरबाई कुदळ मारायची. काल पाणी दिलेलं, चिखल कुदळीला धरून यायचा. वरचा पाला बाजूला सारायचा, वीतभर खोल तिरका खड्डा घ्यायचा, आणि दीक्षा त्याच्या एका अंगाची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घ्यायची. दर खड्ड्याशी मोबाईल धरून ठिपका टोचायची. चौथ्या खड्ड्याला सोजरबाईला दम लागला, रविराजनं तिच्या हातून कुदळ घेतली. आठव्या खड्ड्यापर्यंत तिघांचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. पोत्यावर माती पसरून दीक्षानं मुळ्या आणि खडे वेचले, ढीग करून त्याचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा एकत्र केले. पुन्हा चार भाग, पुन्हा दोन टाकले. अर्धा किलो उरली. ती पिशवीत भरताना सोजरबाईनं मुद्दाम हात लावला नाही.

चारला पाच मिनिटं असताना रविराज दीक्षाला मोटारसायकलवर मागं बसवून निघाला. चार पन्नासला अपेक्षाच्या मोबाईलवर त्याचा फोन आला, पोचलो, घेतली. सोजरबाई तिथंच वाफ्याच्या कडेला बसली आणि ढसाढसा रडली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या रात्री रविराजनं आईशी बोलून जेवण केलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी दीक्षा आली. कंपनीनं तिला ताकीद देऊन कामावर ठेवलं होतं, फक्त तालुका बदलला होता. जाता जाता निकालाचा कागद स्वतः द्यायला आली होती. सोजरबाईनं तिला ओट्यावर बसवलं, चहा टाकायला सुनेला आत पाठवलं, आणि म्हणाली, वाच.

दीक्षानं कागदाची घडी उलगडली. वाचताना तिनं मान वर केली नाही. सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक एकतीस. नत्र कमी. क्षार जास्त, फार जास्त.

"म्हंजी काय?" सोजरबाईनं विचारलं. "मुरमाच्या किती पुढं?"

"थोडी पुढं आहे."

"रंग?"

"रंग बदलत नाही, मावशी. लालच."

सोजरबाई हसली. चूक झाली असेल, म्हणाली. दीक्षानं मग बोअर कधीची, शेणखत कुठं जातं ते विचारून घेतलं आणि हळूहळू सांगितलं. विहीर आटल्यावर पाच वर्षांपूर्वी जी बोअर मारली, तिचं पाणी फार खोलातलं, क्षारांचं आहे. रोज तेच पाणी रानाला. पोत्यांतलं रासायनिक खत पडत राहतं म्हणून पीक येतं, पण रानाच्या अंगात आता काही राहिलेलं नाही. पालकाची पानं पिवळी पडतात ना, ती ह्यानंच. शेणखत रानात पडलं असतं तर एवढं झालं नसतं. हे सगळं ती खालच्या मानेनं बोलली आणि शेवटी म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारायलाच नको होतं. ढिगाजवळची घेऊन मोकळं व्हायला हवं होतं."

रविराज दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

"एक घमेलं, आई," तो म्हणाला. "एका घमेल्याचा प्रश्न होता." आणि तो गोठ्याकडं निघून गेला.

दीक्षा चहा न पिता उठली. स्कुटीचा आवाज गेल्यावर सोजरबाई खुरपं घेऊन रानाच्या पार मध्यावर गेली, कोथिंबीर बाजूला सारून उकिडवी बसली आणि खणलं. वरची माती ओली, काळी, नेहमीसारखीच दिसत होती. खाली चार बोटांवर पांढुरकी शीर लागली. तिनं चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली. सासरा अशीच चाखून रान सांगायचा. हिंदुराव चाखायचा. तिनं स्वतः किती वर्षांत चाखली नव्हती, ते तिला आठवेना. खारट होती. साधी नाही, जीभ आत ओढून घेईल अशी. तिनं थुंकून टाकली नाही. गिळली. ज्या रानासाठी ती पोराशी आणि साऱ्या गावाशी ताठ मानेनं वागली, ते आपल्या पायाखाली मरत होतं आणि आपण वरची हिरवळ बघत बसलो, हे तिला आता कळलं.

बोअरच्या पेटीपाशी अपेक्षा उभी होती. वीज आली होती, ती आता दोनच तास राहणार होती. तिनं लांबून हाक मारून विचारलं, आत्या, मोटर चालू करू का?

सोजरबाईनं वाफ्याकडं बघितलं. दुपारच्या उन्हानं कोथिंबिरीचे शेंडे खाली वाकले होते, आणि उद्याचा माल यार्डात जायचा होता.

"कर," ती म्हणाली. "सुकंल न्हायतर."